वळीव ओट्यावरून पाहायचा तर: तयारी, मोजणी आणि आत शिरायची वेळ

जुलैतला पुण्याचा पाऊस पाहण्यात फारशी मजा नाही. तो रिपरिपत राहतो, कपडे वाळू देत नाही आणि मुख्य म्हणजे त्याला सुरुवात, मध्य, शेवट असं काही नसतं. वळवाचं तसं नाही. तासा-दीड तासात तो आभाळ भरून येतो, धुरळा उडवतो, कडाडतो, झोडपतो आणि निघून जातो. शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि पूर्वेला दौंड, बारामती, इंदापूरकडे त्याहूनही बराच कमी. एवढ्या कोरड्या मुलखात एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत होणारे पाच-सात वळीव चुकवणं परवडत नाही. ते नीट पाहायला थोडी तयारी लागते.

पण आधी एक कटू गोष्ट. ओटा, ओसरी, पडवी, पत्र्याची शेड, उघडी गॅलरी यांपैकी कुठलीही जागा विजेपासून सुरक्षित नसते. डोक्यावर छप्पर आहे म्हणजे आपण घरात आहोत, हा समज चुकीचा. पक्क्या इमारतीवर वीज पडली तर तो प्रवाह भिंतींतल्या सळया, वायरिंग, नळ असल्या वाटांनी जमिनीत जातो आणि आतल्या माणसाला फारसा धक्का बसत नाही. उघड्या पडवीत मात्र बाजूच्या झाडावरून किंवा खांबावरून वीज माणसावर उडी घेऊ शकते, किंवा ओल्या फरशीतून पायांत येऊ शकते. म्हणून वळीव तीन तुकड्यांत पाहायचा: सुरुवात ओट्यावर, मधला जोराचा भाग घरात बंद खिडकीमागे, आणि शेवट पुन्हा ओट्यावर. खालचं सगळं या वाटणीच्या हिशेबानेच लिहिलं आहे.

आभाळ कधीपासून बघायचं

सकाळी दहालाच घामाच्या धारा लागल्या, हवा कुंद झाली आणि झाडाचं पान हलेना, तर दुपारी नजर वर ठेवावी. नुसतं ३९-४० अंश तापमान पुरत नाही. कोरड्या उन्हाने वळीव येत नाही. खाली दमट हवा हवी आणि ती वर ढकलणारी तापलेली जमीन हवी.

बारा-एकच्या सुमारास पांढरे कापसाचे पुंजके दिसू लागतात. ते आडवे पसरून विरले तर त्या दिवशी आशा कमी. त्यांतला एखादा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर वर फुगत गेला, कडा कापल्यासारख्या स्पष्ट राहिल्या आणि अर्ध्या-पाऊण तासात उंची दुप्पट झाली, तर तोच आपला ढग. पूर्ण वाढ झाली की त्याचा माथा १२ ते १५ किलोमीटरवर जातो आणि तिथे लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. ऐरण लांबवर दिसली, तर ढग अजून लांब आहे आणि तुमच्या हातात वेळ आहे. ऐरणीच्या खालचा काळानिळा तळ डोक्यावर आला असेल, तर वेळ नाही.

मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून पुणेकर सवयीने सिंहगडाकडे पाहतो. वळवाला असली शिस्त नाही. तो कधी हडपसर-सासवडच्या बाजूने चढतो, कधी थेट माथ्यावरच तयार होतो. चारही दिशा दिसतील अशी गच्ची असेल तर दोन-तीनच्या सुमारास एक फेरी मारून यावं. मात्र हे गडगडाट सुरू होण्याआधी. नंतर गच्चीचं दार बंद.

फोनवर दोन गोष्टी ठेवाव्यात. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर जिल्हावार तीन तासांचा तात्कालिक अंदाज असतो. दुसरी पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते इशारा देतं. त्यासाठी लोकेशन चालू आणि सूचना सुरू असाव्या लागतात. बरेच जण अ‍ॅप घेतात आणि नेमकं हेच विसरतात.

आवराआवर: ढग लांब असतानाच

या दिवसांत गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, लोणच्याच्या फोडी पसरलेल्या असतात. फुगणारा ढग दिसला की वाळवण सर्वांत आधी खाली. पहिला थेंब पडल्यावर पळायचं म्हटलं तर दोन गोष्टी फसतात: वाऱ्याने चादर उलटते, आणि विजेच्या वेळी तुम्ही बिल्डिंगच्या सगळ्यांत उंच जागी उभे असता.

त्यानंतर कठड्यावरच्या कुंड्या. दहा इंची कुंडी ओल्या मातीसकट आठ-दहा किलो सहज भरते. तिसऱ्या मजल्यावरून ती कुणाच्या डोक्यात पडली तर काय होईल हे सांगायला नको. कठड्यावरच्या सगळ्या कुंड्या खाली, भिंतीलगत ठेवाव्यात. सुटे पत्रे, पाण्याच्या टाकीचं झाकण, पुठ्ठे, रिकामे डबे यांचा बंदोबस्त करावा. खात्याच्या इशाऱ्यांत ताशी ४० ते ६० किलोमीटर वाऱ्याचा उल्लेख असतो आणि तेवढ्या वाऱ्यात टाकीचं झाकण पतंगासारखं उडतं.

गच्चीचा आणि गॅलरीचा पाणी जायचा मार्ग मोकळा आहे का ते एप्रिललाच बघून ठेवा. वर्षभराचा पालापाचोळा, कबुतरांची पिसं आणि सिमेंटचा चुरा मिळून जाळीवर थर बसतो. बादलीभर पाणी ओतायचं. मिनिटभरात गेलं नाही तर जाळी काढून हाताने साफ करायची. वळीव वीस मिनिटांत २० मिलिमीटर पडू शकतो. शंभर चौरस फुटांच्या उघड्या गॅलरीत ते जवळजवळ १८५ लिटर पाणी होतं, आणि जाळी तुंबली असेल तर ते सरळ हॉलमध्ये येतं.

गाडी गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली लावलेली असेल तर हलवा. वळवात फांद्या कोसळतात त्या या झाडांच्या फार. पसारा मोठा, लाकूड ठिसूळ, आणि रस्त्याच्या बाजूला मुळं तोडलेली.

विजेची उपकरणं आता, म्हणजे ढग दहा-पंधरा किलोमीटरवर असतानाच काढायची. फक्त बटण बंद करून भागत नाही; विजेच्या लाटेला स्विचमधली एवढीशी फट ओलांडणं अवघड नसतं. प्लगच बाहेर काढा. टीव्हीच्या बाबतीत गच्चीवरच्या डिशकडून येणारी केबल सेट-टॉप बॉक्समधूनही काढा, कारण पॉवरचा प्लग काढूनही टीव्ही जळतो तो बहुतेक या वाटेने. इन्व्हर्टर वीज गेल्यावर दिवा देतो, विजेच्या लाटेपासून वाचवत नाही. हे सगळं गडगडाट अगदी जवळ आल्यावर आठवलं तर राहू द्या. त्या वेळी प्लगला हात लावण्यापेक्षा टीव्ही गेलेला परवडला.

खुर्ची कुठे मांडायची

वळवाचे सुरुवातीचे थेंब टपोरे असतात, कारण मोठे थेंब लहानांपेक्षा वेगाने खाली येतात आणि आधी पोचतात. तीनेक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण ८ मीटर वेगाने पडतो. वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर असेल, तर थेंब तिरका येतो: दर ८ फूट खाली येताना ५ फूट आत. तुमच्या छताची कड जमिनीपासून ८ फुटांवर असेल, तर त्या वाऱ्यात कडेपासून ५ फूट आतपर्यंत फरशी भिजणार. वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला की थेंब ४५ अंशांत येतो आणि ८ फूट खोल ओसरीही पुरत नाही.

आपल्याकडच्या फ्लॅटची गॅलरी जेमतेम चार-साडेचार फूट. म्हणजे वाऱ्याच्या बाजूची गॅलरी पाऊस सुरू झाल्यावर बसण्यालायक राहणारच नाही. दोन बाजूंना गॅलरी असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूची निवडा. एकच असेल तर खुर्ची दाराच्या चौकटीलगत ठेवा, उठून दोन पावलांत आत जाता येईल अशी. उशा-गाद्या बाहेर नेऊ नका. प्लास्टिकची खुर्ची आणि फार तर जुनी सतरंजी. लोखंडी ग्रिलला टेकून किंवा रेलिंगवर हात ठेवून बसायची सवय वळवापुरती मोडायची.

दाराशी पायपुसणं आणि एक टॉवेल, हाताशी बॅटरी. दारांना अडकवण किंवा वीट लावून ठेवा. पहिल्या झोतात काचेचं दार आपटून फुटतं, आणि नेमका तेव्हा सगळ्यांचा डोळा आभाळाकडे असतो.

मोजणी

हा सगळ्यांत रंजक भाग, आणि जीव वाचवणाराही.

वीज चमकली की मोजायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन. गडगडाट सुरू झाला की थांबा. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणून आकड्याला ३ ने भागलं की किलोमीटर मिळतात. बारा सेकंद म्हणजे ४ किलोमीटर. चमक झाल्यापासून मोजायचं आणि आवाजाच्या सुरुवातीपर्यंत; बरेच जण आवाज ऐन भरात येईपर्यंत मोजत राहतात आणि वीज आहे त्याहून लांब समजतात.

दुसरा आकडाही घ्या: गडगडाट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती सेकंद. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांब असतो. त्याच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा नंतर. १२ सेकंदांनी सुरू झालेला गडगडाट आणखी ९ सेकंद चालला, तर जवळचं टोक ४ किलोमीटरवर होतं आणि लांबचं ७ वर. जवळ पडलेल्या विजेचा आवाज ‘कड्’ असा फाटल्यासारखा येतो. लांबचीचा घरंगळत, डोंगरांवरून आपटत. ‘कडकडाट’ आणि ‘गडगडाट’ हे दोन वेगळे शब्द भाषेने उगाच ठेवलेले नाहीत.

प्रत्येक चमकेचा आकडा कागदावर लिहीत गेलात तर दहा मिनिटांत कळतं की ढग येतोय की चाललाय. ४५, ४१, ३८, ३३: येतोय. ३३, ३६, ३५, ४२: बाजूने निघाला. मुलांना हे काम द्यावं, ती घाबरायची विसरतात.

आता आत कधी यायचं. आकडा ३० वर आला, म्हणजे वीज १० किलोमीटरवर आली, की ओटा सोडायचा. ही शेवटची मर्यादा आहे. पावसाच्या सरीपासून दहा किलोमीटर लांब, वर निरभ्र आकाश असतानाही वीज पडते, म्हणून घरात लहान मुलं किंवा चटकन उठता न येणारं कुणी असेल तर आणखी कडक नियम पाळा: गडगडाट ऐकू आला की आत. आवाज साधारण १५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो, म्हणजे ऐकू आला तो ढग टप्प्यात आला असं समजायचं. आणि ढग लांबून चालत न येता डोक्यावरच तयार झाला असेल तर मोजणीच्या भरवशावर राहू नका. तिथे पहिली वीजच जवळची असू शकते.

रात्री क्षितिजावर नुसता लखलखाट दिसतो, आवाज काहीच नाही. त्याला उष्म्याची वीज वगैरे म्हणतात, पण ती साधी वीजच असते, फक्त फार लांबची. १२ किलोमीटर उंच ढगाचा माथा शंभर-सव्वाशे किलोमीटरवरूनही दिसतो; पुण्यातल्या गच्चीवरून नगर-बारामतीकडचा ढग सहज चमकताना दिसेल. हा तमाशा मात्र बाहेर खुर्ची टाकून खुशाल पाहावा. आवाज आला की उठायचं, एवढंच.

वारा फिरला की

पाऊस यायच्या पाच-दहा मिनिटं आधी एकदम थंड झोत येतो. ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तिचीच ही आघाडी. पारा दहा-पंधरा मिनिटांत ८-१० अंशांनी उतरू शकतो. पुढे धुळीचा लोट असतो, त्यामुळे चष्मा नसलेल्यांनी डोळे सांभाळावेत आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी आधीच आत जावं.

याच झोतात मातीचा वास येतो, कित्येकदा आपल्याकडे थेंबही पडायच्या आधी. पाऊस शेजारच्या पेठेत सुरू झालेला असतो आणि वारा वास घेऊन येतो. हा वास मुख्यतः मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेल्या जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. थेंब कोरड्या मातीवर आपटला की तिच्या छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी वर येते, फुटते आणि वासाचे कण उधळते. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. आपलं ‘मृद्गंध’ जास्त गोड आहे. पाऊस जोरात कोसळायला लागला की वास मरतो, माती भिजली की संपतो. म्हणून वळवाची चिन्हं असतील त्या दिवशी दुपारी अंगणात सडा घालू नका, कुंड्यांना पाणी देऊ नका. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक असतील तर दोन उथळ परातींत कोरडी माती पसरून गॅलरीच्या कडेला ठेवा. खुळेपणा वाटेल, पण वास येतो.

मधला भाग: आतून

खिडकी बंद, काचेपासून दोन-तीन फूट मागे, खोलीतले दिवे मालवलेले. अंधार केला की काचेत आपलंच तोंड दिसत नाही आणि ढगाच्या पोटात पसरणाऱ्या विजेच्या शाखा स्पष्ट दिसतात. या वेळात आंघोळ, भांडी, नळाखाली हात, सगळं बंद. चार्जिंगला लावलेला फोन हातात घ्यायचा नाही. सुट्या फोनने वीज ओढली जाते ही मात्र अफवा आहे; तो खुशाल वापरा. काँक्रीटच्या भिंतीला टेकू नका, फरशीवर लोळू नका. आत सळया असतात.

फोटो काढायचा तर फोन खिडकीच्या आत स्टँडवर ठेवून प्रो मोडमध्ये आयएसओ १०० आणि ४ ते ८ सेकंदांचं एक्स्पोजर, फोकस अनंतावर. हे रात्रीच जमतं. दिवसा चित्र पांढरंफेक येतं. तेव्हा व्हिडिओ घ्यावा आणि नंतर त्यातली चौकट काढावी.

भज्यांचं वेळापत्रकही या भागावरच बसवायचं. दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरून अर्धा चमचा मीठ लावायचं, ते आभाळ दाटू लागल्यावर. दहा-पंधरा मिनिटांत कांद्याला पाणी सुटतं. थंड झोत आला की त्यात पाच-सहा मोठे चमचे बेसन, एक चमचा तांदळाचं पीठ, तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन. वरून पाणी अजिबात नाही. खेकडा भजी मऊ पडतात ती या पाण्यानेच. पीठ कालवून ठेवलं तरी कांदा पाणी सोडत राहतो, म्हणून लगेच मध्यम आचेवर तळा. स्वयंपाकघराची खिडकी आधी लावून घ्या. वाऱ्याने गॅसची ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, हे वीज गेलेल्या अंधारात लवकर लक्षात येत नाही.

गारा पडल्या तर धावायचं नाही. त्या पाऊस थांबल्यावरही सावलीत काही वेळ टिकतात. मोठी गार मिळाली तर ओल्या सुरीने मधोमध कापून बघा, कांद्यासारखे दुधी आणि पारदर्शक थर दिसतात. मुलांना खायला मात्र अंगणातल्या नकोत.

पुन्हा बाहेर

एका ढगाचं आयुष्य तासाभराचं. पाऊस ओसरला, ऊन पडलं, तरी शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. मध्ये पुन्हा गडगडलं तर मोजणी परत शून्यापासून. लोक चुकतात ते इथेच. जाणाऱ्या ढगाच्या मागच्या कडेवरूनही वीज पडते.

अर्ध्या तासानंतरचा ओटा हा खरा ओटा. पागोळ्या गळत असतात, गुलमोहराचा लाल सडा पडलेला असतो, हवा धुऊन निघालेली असते. पूर्वेकडे सरकलेल्या ढगावर मावळतीचं ऊन पडलं तर इंद्रधनुष्यही तिकडेच दिसेल, सूर्याकडे पाठ करून उभं राहा. खाली उतरणार असाल तर रस्त्यावर तुटलेली तार नाही ना ते पाहा. दिसली तर तिच्यापासून आणि तिच्या आजूबाजूच्या पाण्यापासून लांब राहा, इतरांना थांबवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही. १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा.

संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावू नका. पहिल्या चांगल्या वळवानंतर वारुळांतून पंखवाली वाळवी हजारोंनी निघते आणि उजेडावर तुटून पडते. सकाळी केरसुणीने पंखांचे ढीग काढावे लागतात. बाहेर अंधार, आत मंद दिवा आणि दाराला जाळी.

पाऊस किती झाला हे मोजायला सरळ बाजूंचा, सपाट तळाचा स्टीलचा डबा पुरतो. तो दुपारीच उघड्यावर ठेवायचा, जवळच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, आणि उडू नये म्हणून बाजूंनी विटा. तळाशी मोजपट्टी टेकवून पाणी मिलिमीटरमध्ये वाचा: एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. तुम्हीही तीच वेळ ठेवा आणि खात्याच्या शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा. तिथे ४ आणि तुमच्या डब्यात ३१ निघाले तर डबा चुकला असं समजू नका. वळीव असाच पडतो, एका पेठेत धो धो आणि दुसऱ्या पेठेत कोरडा.